राइटरचा लेझर जास्त पॉवरचा असतो, मग तो वाचायलाही जास्त चांगला का?

जुनी_तबकडी

नमस्कार मंडळी, घरातल्या जुन्या सीड्या हार्ड डिस्कवर उतरवायचं काम काढलंय, त्यात काही विकतच्या छापील ऑडिओ सीड्या आहेत, बऱ्याचशा कधीकाळी बर्न केलेल्या सीडी-आर आहेत आणि थोड्या सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणाऱ्या, पण. पीसीला डीव्हीडी राइटर आहे, तो डीव्हीडी एकदम मस्त वाचतो, काही कटकट नाही, पण सीडी घातली की फिरतो, थांबतो, परत फिरतो आणि शेवटी म्हणतो डिस्कच नाहीये. कधी वाचतो कधी नाही. एक पुराणी नुसती सीडी-रॉम ड्राइव्ह पण पडलेली आहे, ती त्यातल्या काही वाचते ज्या राइटर वाचत नाही, हे मला कळेना कारण राइटरचा लेझर तर जास्त पॉवरचा असतो ना? जो लेझर डिस्क जाळू शकतो त्याला वाचायला काय अडचण?

मित्राचं म्हणणं की ब्ल्यू-रे राइटर घे, त्याचा लेझर सगळ्यात ताकदवान, तो काहीही वाचेल. दुसऱ्या एकाने सांगितलं की पिकअपवर, म्हणजे लेझर आणि लेन्स बसवलेल्या भागावर, एक बारीक स्क्रू असतो तो थोडा फिरवला की लेझर वाढतो आणि ड्राइव्ह नव्यासारखी होते. दोन्ही गोष्टी करायच्या आधी म्हटलं विचारावं. मला नुसतं हे घ्या ते घ्या नकोय, या लेझरांमध्ये नेमका फरक काय असतो तेच समजून घ्यायचंय, कुणी नीट सांगेल का?

लोलक

प्रश्न छान विचारलात, आणि यात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात त्या आधी सोडवू. एक म्हणजे लेझरचा रंग, म्हणजे तरंगलांबी, आणि दुसरी म्हणजे पॉवर. डिस्कवरची किती बारीक खूण दिसणार हे रंग आणि लेन्स ठरवतात. पॉवर ठरवते की डिस्कवर लिहिता येणार का आणि किती वेगाने. वाचण्यासाठी पॉवर एका मर्यादेपुढे काही कामाची नाही.

सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, इन्फ्रारेड, डोळ्याला जवळपास दिसतच नाही. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटर, लाल. ब्ल्यू-रेचा ४०५ नॅनोमीटर, निळसर जांभळा. लेन्स किती तिरप्या कोनातून प्रकाश गोळा करून एका ठिपक्यात आणते त्याला एनए म्हणतात, तो सीडीला ०.४५, डीव्हीडीला ०.६० आणि ब्ल्यू-रेला ०.८५. ठिपका केवढा होणार हे तरंगलांबी भागिले एनए यावर ठरतं, म्हणजे लांबी कमी आणि एनए जास्त तर ठिपका लहान. सीडीच्या दोन ट्रॅकमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्ल्यू-रेत फक्त ०.३२. आता जाड टोकाच्या स्केचपेनने बारीक चौकटीच्या वहीत लिहायला घेतलं तर कितीही जोर लावा, अक्षर शेजारच्या चौकटीत जाणारच. सीडीच्या लेझरने डीव्हीडी वाचायचा प्रयत्न केला तर तेच होतं, ठिपका एका वेळी दोन तीन ट्रॅकवर पडतो आणि सगळी खिचडी परत येते. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून सीडी ड्राइव्हची डीव्हीडी ड्राइव्ह का होत नाही याचं उत्तर हेच.

हे आकडे करून बघायला मला फार आवडतं. ठिपक्याचं क्षेत्रफळ काढा, डीव्हीडीकडून ब्ल्यू-रेकडे जाताना ते साधारण ५ पटीने कमी होतं, आणि क्षमता ४.७ जीबीवरून २५ जीबी, म्हणजे ५ पटीच्या थोडी वर. एचडी डीव्हीडी आठवत असेल तर तिचा लेझर ब्ल्यू-रेसारखाच ४०५ चा होता पण एनए फक्त ०.६५, म्हणून एका थरात १५ जीबीच बसायचे. रंग तोच, लेन्स वेगळी, आणि १० जीबीचा फरक. सीडीकडून डीव्हीडीकडे येताना मात्र ठिपका अडीच पटीनेच लहान झाला आणि क्षमता ७ पटीच्या आसपास वाढली, कारण तिथे नुसता लेझर बदलला नाही, एरर करेक्शन सुधारलं, डेटा मांडायची पद्धत सुधारली आणि ट्रॅक जास्त दाटीने बसवले.

आता तुमचा मूळ प्रश्न. वाचताना सीडी काय डीव्हीडी काय, डिस्कवर पोचणारी पॉवर १ मिलीवॅटच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते, ब्ल्यू-रेत तर ठिपका इतका लहान की अजून कमी ठेवावी लागते. राइटर असला तरी वाचताना त्याचा लेझर एवढाच खाली आणलेला असतो. आणावाच लागतो, नाहीतर सीडी-आर वाचता वाचता तिच्यावरचं लिखाण बिघडेल. म्हणजे जाळायची जी ताकद आहे ती वाचताना वापरातच नाही, तिचा तुम्हाला काही फायदा नाही.

सोल्डरवाला

लोलक यांनी बरोबर सांगितलंय. तुमच्या ड्राइव्हचं लक्षण बघून एक गोष्ट जोडतो, डीव्हीडी राइटरमध्ये दोन लेझर असतात, लाल वेगळा आणि इन्फ्रारेड वेगळा. बऱ्याचदा दोन्ही एकाच छोट्या डबीत बसवलेले असतात पण डायोड, म्हणजे लेझर तयार करणाऱ्या चिप, वेगळेच. त्यामुळे डीव्हीडी झकास आणि सीडी बंद असं होणं अगदी शक्य आहे, इन्फ्रारेडवाला म्हातारा झाला की असंच दिसतं. ड्राइव्ह चांगली आहे म्हणून डिस्कलाच दोष देऊ नका आणि उलटंही करू नका, आधी तपासा.

तपासायचं कसं, तर आधी छापील ऑडिओ सीडी घाला, मग सीडी-आर, मग सीडी-आरडब्ल्यू. छापील सीडीवर अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, पडलेल्या प्रकाशातला ७० टक्के तरी परत येतो. सीडी-आरडब्ल्यू फक्त १५ ते २५ टक्के परत देते. म्हणजे लेझर थकला असेल किंवा लेन्सवर धूळ बसली असेल तर पहिल्यांदा आरडब्ल्यू जाईल, छापील सगळ्यात शेवटी. तीनही तितक्याच वाईट वाचत असतील तर ड्राइव्ह, छापील व्यवस्थित आणि फक्त काही ठराविक सीडी-आरच अडत असतील तर त्या डिस्कचा डाय, म्हणजे रंगद्रव्याचा थर, उडालाय असं समजा, खास करून त्या उन्हात किंवा उघड्यावर राहिल्या असतील तर.

लेन्स साफ करून बघा, कापसाच्या काडीवर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल, अगदी हलक्या हाताने, लेन्स बारीक तारांवर लोंबकळत असते म्हणून दाबायची नाही. ड्राइव्हची वायर काढूनच हे करा.

जुनी_तबकडी

वा, हे तर कोणी सांगितलंच नव्हतं की दोन लेझर असतात. मग एक शंका, लाल लेझरचा ठिपका लहान आहे तर तो सीडीच्या मोठ्या खुणा सहज वाचू शकेल ना, मग इन्फ्रारेडवाला ठेवायचा कशाला? आणि ती सीडी-रॉम जर नुसती वाचणारीच आहे तर तिचा लेझर वाढवून लिहिता येतं का, हे फक्त कुतूहल म्हणून विचारतोय.

निळसर

इन्फ्रारेड ठेवायचा कशाला याचं उत्तर सीडी-आर. १९९६ ला डीव्हीडी आली तेव्हा सुरुवातीच्या काही प्लेअरमध्ये एकच लाल लेझर होता, आणि तुम्ही म्हणता तसं तो छापील सीडी वाचायचाही. पण सीडी-आरमध्ये जो रंगद्रव्याचा थर असतो, डाय म्हणतात तो, तो बनवलाय ७८० नॅनोमीटरच्या हिशोबाने. त्या लांबीला तो प्रकाश जाऊ देतो, मागच्या चकचकीत थरावरून तो परत येतो आणि ड्राइव्हला डिस्क चमकदार दिसते. त्याच डायवर ६५० चा लाल प्रकाश टाकला तर डाय तो पिऊन टाकतो, परत फारसं काही येतच नाही, म्हणजे प्लेअरच्या दृष्टीने डिस्क काळी. गंमत अशी की सीडी-आरडब्ल्यू त्याच प्लेअरमध्ये चालायची, कारण तिच्यात डाय नाही, धातूंचा मिश्र थर आहे आणि तो रंगाबाबत इतका चोखंदळ नाही. म्हणून पुढे प्रत्येक ड्राइव्हमध्ये ७८० चा डायोड पण घालायला लागले.

मित्राच्या ब्ल्यू-रे सल्ल्याचंही इथेच उत्तर मिळतं. ब्ल्यू-रे राइटरमध्ये सीडी घातली की निळा लेझर पेटतच नाही, सीडी वाचते त्यातला ७८० चा डायोडच, जसा तुमच्या आत्ताच्या ड्राइव्हमध्ये आहे तसाच. तीन रंगांचे तीन लेझर त्यात असतात, आणि बऱ्याच ब्ल्यू-रे ड्राइव्हचा ट्रे उघडून आत बघितलं तर लेन्सही दोन दिसतात शेजारी शेजारी, एक ब्ल्यू-रेची आणि एक सीडी डीव्हीडीची. नवीन ड्राइव्ह घेतली तर सीडी वाचेल, पण ती डायोड ताजा आहे म्हणून, निळा आहे म्हणून नाही. साधी डीव्हीडी राइटर नवीन घेतली तरी तेच होईल.

लोलक

कुतूहलाचा जो प्रश्न आहे, सीडी-रॉमने लिहिता येईल का, तो मला महत्त्वाचा वाटतो कारण तिथेच खरी क्षमता म्हणजे काय ते कळतं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

नुसत्या वाचणाऱ्या सीडी ड्राइव्हचा डायोड ५ मिलीवॅटच्या आसपासचा, त्यातली बरीचशी पॉवर वाटेतल्या लेन्स आणि आरशांत जाते आणि डिस्कवर १ मिलीवॅटच्या आत बाहेर पोचते. सीडी-आर अगदी १ एक्स स्पीडने, म्हणजे गाणी ऐकतो त्या मूळ वेगाने, लिहायची तरी डिस्कवर ५ ते ७ मिलीवॅट लागतात, कारण डाय तापून २५० अंशाच्या आसपास गेला पाहिजे, तेव्हा तो विघटन पावतो आणि तिथली परावर्तनाची क्षमता कायमची बदलते. स्पीड वाढवला की एका जागी लेझरला मिळणारा वेळ कमी होतो म्हणून पॉवर वाढवावी लागते, ढोबळमानाने स्पीडच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे ५२ एक्सला १ एक्सच्या साधारण ७ पट. म्हणूनच जलद सीडी आणि डीव्हीडी राइटरचे डायोड २०० मिलीवॅट आणि त्याच्या पुढचे असतात, तेही सलग नव्हे, झटक्या झटक्याने.

आणि खरं कौशल्य या झटक्यांत आहे. सीडीवरची सगळ्यात लहान खूण १ एक्सला साधारण ६९४ नॅनोसेकंदात लेझरच्या ठिपक्याखालून जाते. ५२ एक्सला त्याच खुणेला १३ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्यात लेझर पूर्ण पॉवरला नेऊन परत खाली आणायचा, आणि खुणेची सुरुवात आणि शेवट जिथल्या तिथे यायला हवा, कारण डेटा त्या कडांमध्येच असतो. लेझर सलग चालू ठेवला तर उष्णता पुढे पसरते आणि खुणेचं शेपूट फुगतं, थेंबासारखा आकार होतो. तो टाळायला सुरुवातीला जोरात झटका, मग कमी पॉवर किंवा छोट्या झटक्यांची माळ, शेवटी एकदम खाली, असं वेळापत्रक ठरलेलं असतं, त्याला राइट स्ट्रॅटेजी म्हणतात. आरडब्ल्यूत तर तीन पातळ्या सांभाळायच्या, वाचायची, पुसायची आणि लिहायची. लिहिताना मिश्रधातू ६०० अंशाच्या आसपास वितळवून झटक्यात गार करायचा म्हणजे तो स्फटिक न बनता तसाच गोठतो, पुसताना २०० अंशांच्या आसपास तापवून त्याला परत स्फटिक व्हायला वेळ द्यायचा. एकाच लेझरने, फक्त पॉवर आणि वेळ बदलून, लिहिणं आणि पुसणं दोन्ही. मला हे आजही थक्क करणारं वाटतं.

त्यामुळे सीडी-रॉमला जास्त पॉवरचा डायोड बसवला तरी ती लिहिणार नाही. इतक्या वेगाने करंट चालू बंद करणारं सर्किट तिच्यात नाही, कोऱ्या डिस्कवर जी नागमोडी खाच असते, जिच्यातून ड्राइव्हला कळतं की आपण कुठे आहोत आणि ही डिस्क कुठल्या जातीची आहे, ती वाचायची सोय तिच्यात नाही, आणि पॉवर जुळवून घ्यायची अक्कलही नाही. राइटर प्रत्येक बर्नच्या आधी डिस्कच्या अगदी आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्ट्यात वेगवेगळ्या पॉवरने थोडं लिहून बघतो, परत वाचतो, आणि जी बरी आली ती पॉवर पकडतो. बर्न करताना पॉवर कॅलिब्रेशन एरर आलेली अनेकांनी बघितली असेल, ती याच पायरीवर येते.

एकाच पॉवरचे दोन राइटर एकाच डिस्कवर वेगळ्या दर्जाचं का लिहितात ते पण यात येतं, एकाच्या फर्मवेअरमध्ये त्या डिस्कची नोंद आहे आणि दुसऱ्यात नाही, मग दुसरा सरसकट वेळापत्रक वापरतो.

संग्राहक

वरचं वाचून एक विचारावंसं वाटलं, मग सगळ्यात कमी स्पीडवर बर्न करणं सगळ्यात चांगलं हे जे सगळे म्हणतात ते खरं का? मी गाण्यांसाठी नेहमी तसंच करत आलोय.

लोलक

सरसकट खरं नाही. ४८ किंवा ५२ एक्सच्या डिस्कचा डाय जलद झटक्यांसाठी बनवलेला असतो, तिला अगदी ४ एक्सवर लिहिलं तर खुणा उलट जास्त पसरू शकतात, आणि बऱ्याच नव्या राइटरना इतक्या कमी स्पीडसाठी नीट वेळापत्रक दिलेलंही नसतं. मधला स्पीड घ्यावा, १६ ते २४ एक्स, असं मी सांगेन. सगळ्यात वरचा मात्र टाळा, ५२ एक्सला डिस्क मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या घरात फिरते आणि डिस्क थोडी जरी वाकडी असेल तरी लेन्सला तिच्यामागे धावताना दम लागतो.

सोल्डरवाला

आता त्या स्क्रूबद्दल, कारण यावर कोणीच बोललं नाही आणि यातच लोक ड्राइव्ह घालवतात.

तो स्क्रू म्हणजे बारीक व्हेरिएबल रेझिस्टर, कारखान्यात डायोडची पॉवर एकदा जुळवून दिलेली असते. डायोडच्या शेजारी एक फोटोडायोड बसलेला असतो, तो लेझरचा उजेड मोजत राहतो आणि सर्किट करंट कमी जास्त करून पॉवर स्थिर ठेवतं. म्हणजे डायोड म्हातारा व्हायला लागला की ड्राइव्ह स्वतःच त्याला जास्त करंट देत असते, तुम्हाला काही करायची गरज नसते. सीडी वाचेनाशी होते तोपर्यंत बरेचदा ती सोय शेवटाला आलेली असते. सोनीच्या काही जुन्या पिकअपवर स्टिकरवर करंटचा आकडा छापलेला असायचा, मोजलेला करंट त्याच्यापेक्षा बराच वर गेला असेल तर डायोड थकला, पिकअप बदला, असा साधा हिशोब.

अशा डायोडला स्क्रू फिरवून अजून करंट दिला तर काही दिवस बरं चालल्यासारखं वाटतं, आणि मग एक दिवस जातो. लेझर डायोडचं पुढचं टोक म्हणजे मायक्रॉनच्या मापाचा आरसा, तिथे पॉवर मर्यादेबाहेर गेली की तो आरसा क्षणात वितळतो, नॅनोसेकंदांचं काम असतं ते. त्यानंतरही डायोड उजेड देतो, फक्त साध्या एलईडीसारखा, लेझर उरत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं डायोड चालू आहे आणि दोष दुसरीकडेच आहे. आणि धूळच असेल तर स्क्रू फिरवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. राइटरमध्ये तर हात लावूच नका, तिथल्या पॉवरच्या सगळ्या पातळ्या एकमेकांवर अवलंबून असतात.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगतोय. ड्राइव्हवर क्लास १ लेझर, म्हणजे सुरक्षित वर्गातला, असं लिहिलेलं असतं ते झाकण बंद असताना. आतला राइटरचा डायोड त्या वर्गात अजिबात बसत नाही. ७८० चा किरण जवळपास दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही, आणि तो सरळ डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन गोळा होतो. ४०५ चा पण डोळ्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. जुन्या राइटरमधून डायोड काढून खेळणी बनवायचे व्हिडिओ बघून मुलं हे करतात, कृपा करून करू नका आणि करू देऊ नका. झालेली इजा भरून येत नाही.

निळसर

सोल्डरवाला यांच्याशी पूर्ण सहमत.

ब्ल्यू-रेबद्दल अजून थोडं, कारण पॉवरने सगळं होत नाही याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथे आहे. १०० जीबीची तीन थरांची आणि १२८ जीबीची चार थरांची जी बीडीएक्सएल डिस्क आली २०१० ला, ती जुन्या ब्ल्यू-रे ड्राइव्हमध्ये चालत नाही. लेझर तोच ४०५, लेन्स तीच ०.८५. पण एका थरात २५ ऐवजी ३२ ते ३३ जीबी बसवलेत म्हणून खुणा अजून आखूड, परत येणारा सिग्नल पुसट, आणि तो उलगडायला जास्त ताकदीचं सिग्नल प्रोसेसिंग लागतं. शिवाय थर वेगवेगळ्या खोलीवर असल्यामुळे प्रत्येक थराला ठिपका नीट जुळवायला आतली एक लेन्स पुढे मागे सरकवावी लागते. डिस्कचं वरचं आवरणही ब्ल्यू-रेत फक्त ०.१ मिलीमीटर ठेवलंय, डीव्हीडीत ते ०.६ आणि सीडीत १.२, कारण एनए एवढा वाढवला की डिस्क जराशी कललेली पण चालत नाही आणि आवरण पातळ केल्याशिवाय तो कल सोसत नाही.

पॉवर खरोखर आडवी येते असं एकच ठळक उदाहरण मला माहितीये, एम-डिस्क. तिच्यात डाय नसून दगडासारखा अजैविक थर असतो, टिकायला उत्तम, पण डीव्हीडी आकाराची एम-डिस्क लिहायला त्यासाठीच बनवलेला जास्त पॉवरचा राइटर लागतो. वाचायला मात्र साधी डीव्हीडी ड्राइव्ह चालते. ब्ल्यू-रे आकाराची एम-डिस्क साध्या ब्ल्यू-रे राइटरवरही लिहिता येते, कारण नेहमीच्या बहुतेक बीडी-आरमध्येही, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कमध्येही, अजैविक थरच असतो आणि राइटर त्या हिशोबानेच बनवलेले असतात.

जुनी_तबकडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. लेन्स साफ केली, सांगितलेल्या क्रमाने डिस्क घालून बघितल्या. छापील सीड्या आता पटकन उघडतायत, सीडी-आर बऱ्याचशा वाचल्या पण आरडब्ल्यू अजूनही एकही नाही. स्क्रूला हात लावलेला नाही. म्हणजे इन्फ्रारेड डायोडच थकलाय असं समजू ना? आणि नवीन ड्राइव्ह येईपर्यंत ज्या सीडी-आर अडखळतायत त्यांच्यासाठी काही करता येईल का?

सोल्डरवाला

हो, छापील आणि बहुतेक सीडी-आर चालतात आणि आरडब्ल्यू एकही नाही म्हणजे परत येणारा उजेड कमी पडतोय, डायोडच थकलेला दिसतोय. अडखळणाऱ्या डिस्कसाठी वाचायचा स्पीड सॉफ्टवेअरमधून ४ किंवा ८ एक्सवर आणा, फिरणं कमी झालं की फोकस आणि ट्रॅक धरायला सोपं जातं आणि पुसट सिग्नलमधूनही बऱ्याच फाइल निघतात. जी फाइल एका ड्राइव्हवर अडते ती जुन्या सीडी-रॉमवर करून बघा, तिचा डायोड जास्त चांगल्या स्थितीत असेल म्हणूनच ती काही डिस्क वाचत होती. ज्या कोणत्याच ड्राइव्हवर निघत नाहीत त्या टाकू नका, अंधाऱ्या थंड जागी उभ्या ठेवा, ताज्या डायोडच्या ड्राइव्हवर त्यातल्या काही अजून निघतील. आरडब्ल्यू सगळ्या त्याच ड्राइव्हसाठी राखून ठेवा आणि ती आली की आधी त्याच उतरवा, कारण त्यांचा मिश्रधातूचा थर आपोआप परत स्फटिक होत जातो आणि लिखाण हळूहळू पुसट होतं.